सोनारी भिंग, साठपट नळी आणि यूव्ही टॉर्च: घरातली जुनी तसबीर तपासायला कितपत कामाची?

पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करताना देवघरावरची लक्ष्मी किंवा सरस्वती खाली उतरते आणि घरात चर्चा सुरू होते: हे रविवर्म्याचं ओरिजिनल आहे, पणजोबांनी आणलेलं. दोन दिवसांत कोणीतरी ऑनलाइन तीन वस्तू मागवतं. सोनार डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग, '६० एक्स' लिहिलेला नळीसारखा खिशातला सूक्ष्मदर्शक आणि जांभळा उजेड पाडणारी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, टॉर्च. हे परीक्षण या तिघांचं. निकाल आधीच सांगून टाकतो: भिंग घ्याच, टॉर्च निवडून घ्या, नळी नसली तरी फारसं अडत नाही. तिन्ही मिळून चित्र कसं तयार झालं एवढं सांगतात. कोणी केलं, हे विचारलंत तर तिघंही गप्प.

आधी 'ओरिजिनल' या शब्दाचा घोळ मिटवायला हवा, नाहीतर भिंगातून काय शोधायचं तेच कळणार नाही. पणजोबांनी आणलेलं चित्र बहुतेक वेळा छापीलच असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला तो मुळी घरोघरी चित्रं पोचवण्यासाठीच. काही वर्षांतच छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ च्या आगीत तो नष्ट झाला. मधल्या काळात तीच ती चित्रं पुन्हा पुन्हा छापली गेली. म्हणून खाली 'कार्ला-लोणावळा' असं छापलेलं आहे एवढ्यावरून वर्ष ठरत नाही. पुण्याच्या चित्रशाळेचीही जुनी शिळाछाप चित्रं मुंबईतल्या घरांत सापडतात. तेव्हा भिंतीवरची तसबीर चारपैकी काहीतरी असते: हाताने रंगवलेलं चित्र, त्या काळचा ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं, दगडावरून छापलेलं रंगीत चित्र), नंतर कोणीतरी काढलेली छापील नक्कल, किंवा फोटोवर चढवलेले रंग. यातला दुसरा प्रकारही जपण्याजोगा आणि विकला जाणारा आहे. तो हाताने रंगवलेला नाही म्हणून नाक मुरडून रद्दीत टाकणारे लोक असतात. तसं करू नका.

आता भिंग. खरेदी करताना '३०×२१ एमएम' असं कोरलेलं स्वस्त भिंग हमखास पुढे येतं. त्यातलं २१ म्हणजे काचेचा व्यास, आणि ३० हा आकडा बहुतेकदा नुसता कोरलेला. प्रत्यक्षात ते दहापटीच्या आसपासच मोठं दाखवतं. पडताळणी सोपी आहे. २५० ला पटीने भागलं की भिंगाचं केंद्रांतर मिलिमीटरमध्ये येतं. दहापट भिंगातून चित्र साधारण २५ मिलिमीटरवरून स्पष्ट दिसतं. खरं तीसपट असेल तर आठेक मिलिमीटरपर्यंत टेकवावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकेरी काचेच्या भिंगात कडेला लाल-निळी झालर दिसते, आणि आपण शोधतोय तेच मुळी रंगीत ठिपके. ही झालर नवख्याला हमखास फसवते. तीन काचा जोडलेलं, म्हणजे 'ट्रिपलेट' भिंग घ्या. झवेरी बाजारात सोनारांची अवजारं विकणाऱ्यांकडे किंवा प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान ठेवणाऱ्यांकडे ते हातात घेऊन बघता येतं. चौकोनी आलेखाच्या कागदावर धरा: कडेच्या रेघा वाकल्या नाहीत आणि रंगीत झाल्या नाहीत, तर भिंग चांगलं.

धरायची पद्धतही आहे. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि डोकं चित्राकडे न्यायचं. भिंग चित्रावर ठेवून लांबून बघितलं की रुपयाएवढं वर्तुळ दिसतं आणि माणूस म्हणतो, काही कळत नाही. चित्रात बघायची जागा निवडताना गडद पैठणी टाळा; तिथे सगळे रंग एकमेकांवर चढलेले असतात. गाल, हाताची बोटं, फिकट आकाश, कमळाच्या पाकळीची कड इथे बघा.

तिथे नेमका ठरावीक अंतराने जाळीसारखा ठिपक्यांचा नमुना असेल, चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं-फुलं दिसत असतील, तर ते फोटोवरून छापलेलं आहे. ऑफसेटवर छापलेल्या देवादिकांच्या कॅलेंडरांत हाच नमुना असतो. ओलिओग्राफात असं काही नसतं. तिथे प्रत्येक रंगाचा चुनखडीचा दगड वेगळा असे, दहा-पंधरा दगड सहज लागत, आणि प्रत्येक दगडावर कारागीर हाताने ठिपके देई. त्यामुळे ठिपके लहान-मोठे, कुठे दाट कुठे विरळ, रांगेत न बसणारे. गालावर गुलाबी, पिवळा, मातकट आणि राखाडी असे वेगवेगळे रंग स्वतंत्रपणे ओळखता येतात. एखादा दगड केसभर सरकला असेल तर ओठाच्या किंवा दागिन्याच्या कडेला एकाच बाजूने रंग बाहेर आलेला दिसतो. हा दोष इथे चांगली खूण ठरतो.

आता इथेच उत्साही लोक चुकतात. जाळी दिसली म्हणजे चित्र नवं, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हाफटोनचे, म्हणजे फोटोवरून ठिपक्यांत उतरवलेले, धातूचे ब्लॉक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्रिरंगी ब्लॉकची छपाई मुबलक झाली. तेव्हा जाळी असूनही चित्र शंभरीच्या घरातलं असू शकतं. ब्लॉकच्या छपाईत शाई दाबाने कडेला ढकलली जाते, म्हणून ठिपक्याचा काठ गडद आणि मध्य फिका दिसतो. कागद उलटा करून तिरप्या उजेडात धरला तर अक्षरांचा उठाव मागून बोटाला लागतो. ऑफसेटचा ठिपका सपाट, मागची बाजू गुळगुळीत.

या भिंगाचा सर्वात खात्रीचा उपयोग मात्र चित्राच्या खालच्या पट्टीत आहे, जिथे कोणी बघत नाही. चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव वाचा, अक्षराच्या आत बघा. मूळ शिळाछापात अक्षर भरीव असतं. जुन्या ओलिओग्राफचा फोटो काढून पुन्हा छापला असेल तर ती अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात, कारण नक्कल करणाऱ्याने अक्षरांसकट अख्खा कागद टिपलेला असतो. त्याच न्यायाने जुन्या कागदावरचे डाग, घड्या आणि कसरीने खाल्लेली भोकंही नकलेत छापून येतात. भोक दिसतंय, पण बोट फिरवलं तर कागद अखंड, म्हणजे खेळ तिथेच संपला.

भिंगाबरोबर एक फूटपट्टीही काढा. कागद १२×१८ किंवा १३×१९ इंच भरला तर डिजिटल छपाईवाल्याकडच्या नेहमीच्या शीटचा संशय घ्या. २९७×४२० मिलिमीटर म्हणजे सरळ ए-थ्री. जुने ओलिओग्राफ १४×२० आणि २०×२८ इंचांच्या आसपास वारंवार सापडतात, पण चौकटीत बसवण्यासाठी कडा छाटलेल्याही असतात. त्यामुळे माप जुळलं नाही एवढ्यावरून चित्र बाद करू नये.

साठपट नळीबद्दल. आत छोटा एलईडी, खाली पारदर्शक प्लास्टिकचा पाया, किंमत काही शे रुपये. पहिली अडचण अशी की ती चित्रावर टेकवावीच लागते. चौकटीची काच दोन-तीन मिलिमीटर जाड असते. काचेवरून बघितलं तर काचेवरची धूळ सुरेख दिसते, चित्र नाही. दहापट भिंगाला ही अडचण येत नाही. दुसरी अडचण धोक्याची: तैलरंगाचे पापुद्रे सुटलेले असतील तर प्लास्टिकच्या पायाला ते चिकटून निघतात. सुट्या झालेल्या रंगावर ही नळी कधीच टेकवू नका. तिसरी, नजरेच्या टप्प्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर येतात, त्यामुळे नमुना नियमित आहे की अनियमित हे ठरवायलाच ती गैरसोयीची. पोलादी पट्टीवर धरून बघा. सात-आठ मिलिमीटर एकदम दिसले तर साठ हा आकडाही कोरीव कामच समजा.

तरी एका ठिकाणी ती कामाला येते. आजची चांगली इंकजेट छपाई दहापट भिंगाखाली सलग रंगासारखी दिसते. जाळी नाही, फुलं नाहीत, म्हणून बघणारा 'हाताने रंगवलेलं' म्हणून सुटतो. साठपटीवर मात्र शाईचे बारीक तुषार दिसतात, फिकट भागात विखुरलेले, मोजक्याच रंगांतून सगळं उभं केलेलं. कॅनव्हासवरच्या इंकजेटमध्ये हे तुषार धाग्यांच्या खाचांतही सारखेच उतरलेले असतात. कुंचल्याचा रंग आधी धाग्यांच्या उंचवट्यांवर बसतो. दुकानदार अशा छपाईवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारून 'ब्रशवर्क' उठवतात. त्यावर उपाय फुकटचा आहे: खोलीत अंधार करा आणि फोनची टॉर्च चित्राच्या कडेला जवळजवळ आडवी धरा. खऱ्या रंगकामात उंचवटे आकृतीच्या मागोमाग जातात, दागिन्यावर जाड, गालावर पातळ. जेलचे फटकारे आकृतीची पर्वा न करता कुठूनही कुठेही जातात. काही ओलिओग्राफांवर वार्निश देऊन कॅनव्हासच्या विणीचा ठसा दाबलेला असतो. तो चेहरा, आकाश, समास सगळीकडे एकसारखा असतो. हाच ठसा बघून घरचे लोक 'अहो, कॅनव्हास आहे' म्हणतात. कागदाची कड बघा.

तिसरी वस्तू टॉर्च, आणि इथे पैसे सर्वाधिक वाया जातात. बाजारात ३९५ आणि ३६५ नॅनोमीटर (ही किरणांची तरंगलांबी) अशा दोन जाती आहेत. ३९५ ची टॉर्च स्वस्त, पण तिच्यातून दिसणारा जांभळा उजेडच इतका पडतो की चित्रातून येणारी मंद चमक त्यात बुडून जाते. ३६५ ची, पुढे काळ्या काचेची गाळणी असलेली घ्या. ती लावल्यावर भिंतीवर जवळजवळ काहीच दिसत नाही आणि गिऱ्हाईक म्हणतं, बंद आहे का? तीच बरोबर. डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा हवा, आणि तिचा झोत कोणाच्या तोंडावर टाकायचा नाही. कपडे गडद घाला; पांढरा धुतलेला सदरा स्वतःच ट्यूबलाइटसारखा पेटतो आणि त्याचा उजेड चित्रावर पडतो.

चित्राकडे जाण्याआधी डोळ्याला सवय लावा. यंदाच्या पंचांगाचं किंवा झेरॉक्सच्या कागदाचं पान आणि घरात निर्णयसागर छापखान्याची एखादी जुनी पोथी असेल तर तिचं पान शेजारी ठेवा. नवं पान निळसर पांढरं झळाळतं, पोथी मळकट राहते. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकद्रव्यं १९५० च्या सुमारास कागदात सर्रास येऊ लागली. म्हणून १९०० च्या म्हणवल्या जाणाऱ्या छापील चित्राचा कागद निळा झळाळला, तर तो कागद त्या काळचा नाही. उलट विधान मात्र खरं नाही: कागद झळाळला नाही म्हणजे जुना, असं नाही. आजही अशी द्रव्यं न घालता कागद बनतो, आणि चहाच्या पाण्यात बुडवलेला कागदही मळकट राहतो. शिवाय झळाळतंय काय ते आधी बघा. अनेकदा तो नंतर लावलेला पुठ्ठा असतो, दुरुस्तीचा पांढरा सुतारी गोंद असतो किंवा पुसायला वापरलेल्या धोतराच्या तुकड्याचे तंतू असतात. बघायचं ते चित्राच्या कागदाची उघडी कड आणि मागची बाजू.

तैलचित्रावर टॉर्च वेगळी माहिती देते. जुनं नैसर्गिक राळेचं वार्निश हिरवट पिवळं चमकतं, लाखेचं नारिंगी. नंतरची डागडुजी त्यावर गडद डागांसारखी उठते. सहीही अशीच तपासायची. सही जुन्या वार्निशच्या खाली असेल तर तिच्यावर हिरवट पडदा दिसतो. वर तरंगत असेल तर काळी उठून दिसते. भिंगाने त्याच सहीच्या रेघेत बघा: रंगाला पडलेली भेग सहीलाही तोडून जाते का? सहीचा रंग भेगेत ओघळून बसला असेल तर आधी भेग पडली आणि मग सही झाली. नावाबाबत जास्त सावध राहायला हवं, कारण रविवर्म्याच्या नावावर वाटेल ते खपतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं दिवा हाताने झाकणाऱ्या स्त्रीचं प्रसिद्ध जलरंगचित्र सावळाराम हळदणकरांचं आहे, तरी आजही ते लोक रविवर्म्याचं म्हणून एकमेकांना पाठवतात.

टॉर्चने रंगद्रव्यांवर बोलणारेही असतात. जस्ताचा पांढरा यूव्हीत पिवळट चमकतो, टायटॅनियमचा पांढरा गडद राहतो, आणि टायटॅनियमचा पांढरा रंगपेट्यांत आला तो १९२० च्या दशकात, इथपर्यंत बरोबर. पण वर वार्निश असताना उघड्या डोळ्यांनी हा फरक ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. त्याला एक्स-रे फ्लुरोसन्स, म्हणजे क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, लागतं. तेसुद्धा नंतरच्या दुरुस्तीच्या ठिगळावर धरलं तर चुकीचं उत्तर देतं.

पूर्वजांच्या तसबिरी असतील, पगडी आणि उपरणं वगैरे, तर फोटोवर रंगकाम असण्याची शक्यता आधी गृहीत धरा. फोटो मोठा करून त्यावर तैलरंग चढवण्याची चाल मुंबईत मोठी होती. कपडे आणि पडदा जाड रंगवलेले, चेहरा मात्र विलक्षण हुबेहूब आणि पातळ, ही तिची ठेवण. कडेला जिथे रंग पोचला नाही तिथे भिंग लावा; फोटोचा सलग करडा पृष्ठभाग दिसेल, आणि गडद भागाच्या काठावर तिरप्या उजेडात आरशासारखी निळसर चांदी.

या सगळ्यासाठी चौकट उघडावी लागते, आणि नुकसान बहुतेक तिथेच होतं. पावसाळ्यात उघडू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीचे कोरडे दिवस बघा. मुंबईच्या दमट हवेत चित्राचा वार्निशचा थर काचेला चिकटतो. आधी तिरप्या उजेडात काचेतून बघा: जिथे चित्र चिकटलंय तिथे ओलं झाल्यासारखा गडद, तकतकीत डाग दिसतो. असा डाग असेल तर काच काढायची नाही, सुरी घालायची नाही, तसंच ठेवून कागदाच्या दुरुस्तीतल्या जाणकाराकडे न्यायचं. नसेल तर चौकट टॉवेलवर पालथी ठेवा, मागचे खिळे पकडीने सरळ वर ओढा, वाकवून काढू नका. प्रत्येक थराचा फोटो काढा. मागे चिकटवलेल्या वर्तमानपत्राची तारीख टिपून घ्या. चौकट त्या तारखेनंतर बसवली गेली, इतकंच ती सांगते. लाकडी फळ्यांच्या फटींच्या रेषा कागदामागे तपकिरी उमटलेल्या असतील तर कागद आणि फळ्या दीर्घकाळ एकत्र आहेत. ही खूण चहाच्या पाण्याने बनवता येत नाही. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या सागवानी चौकटी सुट्या मिळतात, त्यामुळे नुसती चौकट जुनी असणं हा पुरावा नाही. फिलिप्स, म्हणजे डोक्यावर फुलीची खाच असलेला, स्क्रू १९३० च्या दशकातला. तो दिसला तर निदान तेवढा भाग नंतरचा. टिकल्या आणि जरतार लावलेल्या लक्ष्मीबाबत टिकली धातूची की प्लास्टिकची बघा, पण एखादी टिकली नंतर घरातच लावलेली असते. दोन-चार टिकल्यांवरून निकाल देऊ नका. आणि कितीही मोह झाला तरी ओलं फडकं, कापलेला बटाटा, कोलीन यातलं काहीही चित्राला लागता कामा नये.

पुढची पायरी घरातली साधनं देऊ शकत नाहीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे. विचारायचं ते चित्राच्या स्थितीबद्दल, किमतीबद्दल नाही. किमतीसाठी लिलावगृहं आहेत, पण त्यांचा अंदाज हा चित्र कोणी काढलं याचा दाखला नव्हे. चित्र परदेशातल्या मुलीकडे पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा मध्ये येतो: १०० वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि रविवर्म्याची मूळ चित्रं राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झालेली असल्याने त्यांनाही मनाई आहे. नवी प्रतिकृती नेतानाही ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेऊन ठेवलेला बरा. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे.

तज्ज्ञाला फोटो पाठवायचे तर पुढून एक, मागून एक, चारही कोपरे, खालची छापील पट्टी, सही सरळ आणि तिरप्या उजेडात, आणि गालाचा भिंगातून घेतलेला एक. हा शेवटचा फोनच्या लेन्सवर दहापट भिंग टेकवून निघतो, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवायची. फ्लॅश बंद ठेवा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि ज्या ठिपक्यांसाठी एवढा खटाटोप केला तेच पुसले जातात.